छोटू अजून तळघरातच आहे

१९६१ सालच्या जुलै महिन्यात माझे आजोबा तेरा वर्षांचे होते आणि त्यांचे एक पुस्तक अर्धे वाचून झाले होते. पुस्तक बाबूराव अर्नाळकरांचे. धनंजय या गुप्तहेराचा तरुण साहाय्यक छोटू शत्रूच्या हाती सापडला होता, त्याला एका तळघरात कोंडून वरून कुलूप घातले होते, आणि धनंजयला याचा काहीच पत्ता नव्हता. इथपर्यंत वाचून झाले आणि पुस्तक परत करण्याची वेळ आली. आजोबांचे थोरले भाऊ पुण्यात एका किराणा दुकानात कामाला होते. नारायण पेठेतील एका लहानशा वाचनालयातून ते रोजाने पुस्तक घेत, रविवारी खडकवासल्याला येताना बरोबर आणीत आणि सोमवारी पहाटे परत नेत. "फुडच्या आइतवारी पुन्यांदा हेच घिऊन येतो," असे सांगून ते गेले. तो सोमवार १० जुलैचा होता. बुधवारी, १२ जुलैला सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्यापाठोपाठ आमचे खडकवासल्याचेही. मुठेच्या पाण्याने पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडवल्या. त्यात ते वाचनालय गेले ते पुन्हा उघडले नाही.

थोरले भाऊ वाचले. मालकाच्या घरच्या माणसांबरोबर ते उंचावरच्या एका वाड्यात जाऊन बसले होते. छोटू मात्र तळघरातच राहिला.

आजोबांना आम्ही आबा म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आबांनी ही गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली ती दोन वर्षांपूर्वी. तोपर्यंत त्यांनी ती कोणालाच सांगितली नव्हती, आजीलाही नाही. मी विचारले, "का हो आबा?" तर म्हणाले, "लोकांची घरं गेली व्हती, भांडीकुंडी गेली, मान्सं गेली. त्यात म्या पोरानं छोटूचं काय हुईल म्हून रडायचं व्हय?"

मी द्वितीय वर्ष कला शाखेत शिकते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आबा मराठी सातवी, वडील दहावी नापास, आई चौथी. मागच्या वर्षी मराठीच्या पहिल्या तासाला वर्गात विचारण्यात आले, "तुमच्या घरी कोणाचे साहित्य वाचले जाते?" कोणी खांडेकर म्हणाले, कोणी पु. ल., एका मुलीने जी. ए. कुलकर्णींचे नाव घेतले. माझी पाळी आली तेव्हा मी "काही नाही" असे सांगून खाली बसले. खरे तर आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे आणि तिच्यात एक्केचाळीस रहस्यकथा आहेत. काहींना वेष्टन नाही, काहींची शेवटची पाने वाळवीने नेली आहेत. त्या दिवशी घरी येऊन आबांच्या तोंडाकडे बघवेना. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

आता विषयाकडे वळते. वर्षानुवर्षे चाललेली गुप्तहेराची मालिका संपली की वाचकाला नेमके काय होते? गोष्टीतला माणूस खरा नव्हता हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मग घरातले माणूस गेल्यासारखे का वाटावे?

माझ्या मते याचे मूळ रहस्यकथेच्या घडणीतच आहे. सामाजिक कादंबरी संपते ती आपल्याच पायांनी. नायिकेचे लग्न होते किंवा मोडते, कोणी मरते, कोणाचे डोळे उघडतात, आणि लेखकाला सांगायचे ते संपते. 'ययाति' वाचून खाली ठेवल्यावर कोणी पुढच्या भागाची वाट पाहत नाही. रहस्यकथेचे उलटे असते. तिच्यातली प्रत्येक गोष्ट पुरती संपते, खुनी सापडतो, हिरे परत मिळतात, छोटू सुटतो, परंतु मालिका संपण्याचे कारण त्या गोष्टीच्या पोटात कुठेच नसते. जगातले गुन्हे संपणार नाहीत आणि धनंजय म्हातारा होणार नाही. तेव्हा मालिका संपते ती नेहमी बाहेरून येणाऱ्या कारणाने. लेखक कंटाळतो, लेखक मरतो, प्रकाशक दुकान बंद करतो, किंवा धरण फुटते. ज्या शेवटाला गोष्टीत कारण नाही तो वाचकाला अन्याय वाटतो. एक गुन्हा उलगडला यापेक्षा पुढच्या आठवड्यात दुसरा उलगडणार आहे ही खात्री त्याला हवी असते. मालिका संपली म्हणजे ती खात्री गेली.

आता ही खात्री केवढी मोठी असू शकते ते अर्नाळकरांवरून पाहा. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, मृत्यू १९९६ चा. त्यांनी लिहिलेल्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर जाते. मी एकदा वहीच्या मागे हिशेब मांडून पाहिला. आठवड्याला एक याप्रमाणे हजार पुस्तके वाचायला एकोणीस वर्षे लागतात, म्हणजे माझे आजपर्यंतचे सगळे आयुष्य! धनंजय-छोटू ही जोडी, झुंजार आणि त्याची पत्नी विजया, कायद्याला न सापडणाऱ्या गुन्हेगारांचा समाचार घेणारा काळा पहाड, अशी त्यांची एकेक मंडळी. बऱ्याच कथानकांचा बेत इंग्रजी रहस्यकथांवरून उचललेला असे हे खरे आहे, आणि भाषा भरधाव. पण ज्या घरात दुसरे पुस्तक येतच नव्हते त्या घरात ती येत होती. आबा सांगतात, पुढे ते पाटबंधारे खात्यात चौकीदार झाले तेव्हा रात्रपाळीला कंदिलाच्या उजेडात काळा पहाड वाचायचे आणि मग धरणाच्या भिंतीवर फेरी मारायला एकट्याने जायची छाती व्हायची नाही. सोबतीचा दुसरा चौकीदार निरक्षर होता. त्याला आबा रोज वीस पाने वाचून दाखवीत. तो गडी रजेवर गेला की आबा वाचन थांबवून ठेवीत. एकट्याने पुढे वाचणे म्हणजे विश्वासघात, अशी त्यांची समजूत.

मी आबांना विचारले, अर्नाळकरांचे शेवटचे पुस्तक तुम्ही कोणते वाचले? त्यांना सांगता येईना. कधी संपले तेही सांगता येईना. हजार पुस्तकांच्या गर्दीत शेवटचे कोणते हे वाचकाला कळत नाही. आधी नवी येणे कमी झाले, मग जुनीच फिरून फिरून हाती येऊ लागली, मग एक दिवस वाचनालयाच्या जागी दुसरेच दुकान दिसले. वर्तमानपत्रात लेखकाच्या निधनाची बातमी आली तोवर वाचक नातवंडांचे आजोबा झालेले. आमच्याकडच्या बहुतेक मालिका अशाच संपल्या आहेत. त्यांना शेवट नाही, म्हणून तेरावेही नाही. नदी आटते तशा त्या आटल्या. मला वाटते, असे आटत जाणे झटक्याने संपण्यापेक्षा वाईट, कारण रडायचे कोणत्या दिवशी हेच ठरत नाही.

झटक्याने संपण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण इंग्लंडचे आहे. आर्थर कॉनन डॉयल या लेखकाला आपल्या शेरलॉक होम्सचा कंटाळा आला. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहून मोठे नाव कमवावे ही त्यांची इच्छा, आणि लोक तर होम्सखेरीज दुसरे काही मागत नव्हते. होम्सला संपवून टाकण्याचा विचार त्यांनी १८९१ सालीच आईला पत्राने कळवला होता. आईने साफ विरोध केला. (ती माउली वाचकच होती म्हणायची.) तिच्यामुळे होम्सला दोन वर्षांचे आयुष्य मिळाले. अखेर डिसेंबर १८९३ च्या 'स्ट्रँड' मासिकात स्वित्झर्लंडमधील रायशेनबाख धबधब्याच्या काठी होम्स आणि त्याचा शत्रू प्रोफेसर मोरियार्टी एकमेकांना धरून कड्यावरून खाली गेले. वीस हजार वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली असे सांगतात. लंडनच्या तरुणांनी हातावर काळ्या फिती बांधल्या अशीही एक कथा आहे. ती मागाहून रचलेली असावी असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. फिती असोत वा नसोत, संतापाची पत्रे मात्र खरी होती. १९०१ साली डॉयल यांनी होम्सची एक नवी कादंबरी लिहिली, पण ती त्याच्या मृत्यूपूर्वीची हकिकत म्हणून. लोकांचे त्यावर समाधान झाले नाही. १९०३ मध्ये त्यांना होम्सला जिवंत परत आणावे लागले. तो कड्यावरून पडलाच नव्हता, असा खुलासा देण्यात आला.

मी ही कथा भालबा केळकरांच्या मराठी अनुवादातून वाचली होती आणि ती मला इंग्रजी लोकांची हौस वाटत असे. गेल्या वर्षी आमच्या घरात तेच घडले तेव्हा डोळे उघडले.

आमच्या आजीला अक्षरओळख नाही. तिचा गुप्तहेर दूरदर्शन संचातला. 'सी.आय.डी.' ही हिंदी मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. वीस वर्षांत दीड हजारांहून अधिक भाग झाले. एसीपी प्रद्युम्न यांचे काम शिवाजी साटम करीत, म्हणून आजीच्या मते तो सगळा कारभार मराठीच होता. तिला हिंदी फारसे कळत नाही. दयाने दार तोडले की तिला कळे, आणि साहेबांनी हाताची बोटे फिरवीत विचार सुरू केला की आता खुनी सापडणार हेही कळे. शनिवार-रविवारी रात्री आमची जेवणे त्या वेळेला बांधलेली होती. २०१८ मध्ये मालिका बंद झाली तेव्हा मी शाळेत होते. जुने भाग पुन्हापुन्हा दाखवीत असल्यामुळे आजीला ती बंद झाल्याचे पुष्कळ दिवस उमगलेच नाही. "आताशी नवीन खून हुईनात वाटतं मुंबईला," असे ती एकदा म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. नंतर तिला खरे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या शनिवारी मात्र नेहमीच्या वेळी येऊन बसली आणि बंद पडद्याकडे थोडा वेळ बघून उठून गेली.

मालिका डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. आणि एप्रिल २०२५ मध्ये एका स्फोटात एसीपी प्रद्युम्न मरण पावल्याचे दाखवण्यात आले. वाहिनीने श्रद्धांजलीही जाहीर केली. लोकांचा राग उसळला. आमच्या वाडीतल्या कॉलेजच्या मुलांपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे त्याच विषयावर. मी आजीची समजूत घालायला गेले तर ती शेंगा फोडत बसली होती, अगदी शांत. म्हणाली, "मेला न्हाई त्यो."

"अगं आजी, दाखवलं ना टीव्हीवर."

"मढं दाखवलं का? तूच सांग. मढं दाखवल्याबिगर मेला म्हनायचं न्हाई. त्येंनीच शिकवलंया आपल्याला."

पुढे साटम मालिकेत परत आले. आजीला त्याचे काडीचेही नवल वाटले नाही.

तिचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी भालबांचे पुस्तक काढून धबधब्याची कथा पुन्हा वाचली. तिथेही प्रेत सापडत नाही! डॉ. वॉटसनला पाऊलखुणा दिसतात, एक चिठ्ठी मिळते आणि तो निष्कर्ष काढतो. लंडनच्या वाचकांनी नेमके तेवढेच हेरले असले पाहिजे. शोकाची जी पहिली पायरी असते, "छे, हे खरे नाही" असे म्हणण्याची, ती रहस्यकथेच्या वाचकाच्या बाबतीत निराळी असते. इतर शोकांत ती मनाची फसवणूक ठरते. इथे ते वाचकाचे शिक्षण असते. ज्या गुप्तहेराने वर्षानुवर्षे शिकवले की दिसते तसे नसते, पुरावा बघा, साक्षीदारावर विश्वास ठेवू नका, त्याच्याच मरणाची बातमी आली तर त्याचे चांगले शिष्य ती कशी मानतील?

अगाथा ख्रिस्तीबाईंना हे पक्के ठाऊक असावे. त्यांचा बेल्जियन गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो १९२० साली पहिल्यांदा छापून आला. त्याच्या मरणाची कादंबरी त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलुपात ठेवली आणि ती बाहेर काढली १९७५ मध्ये. आपण हयात नसलो तरी पॉयरोचा शेवट आपल्याच हातचा असावा, हा हेतू. पहिल्या कादंबरीत ज्या घरात तो आला होता त्याच घरात शेवटच्या कादंबरीत तो मरतो, आणि त्यात शंकेला जागा ठेवलेली नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने ६ ऑगस्ट १९७५ रोजी पहिल्या पानावर त्याचा मृत्युलेख छापला. न जन्मलेल्या माणसाचा मृत्युलेख! पुढे पाच महिन्यांतच, जानेवारी १९७६ मध्ये, ख्रिस्तीबाई वारल्या. अशी निरवानिरव फार थोड्या लेखकांना जमते. (आणि तरीही २०१४ पासून दुसऱ्या एका लेखिकेने, घरच्यांच्या परवानगीने, पॉयरोच्या नव्या कादंबऱ्या लिहायला घेतल्याच.)

आपल्या पुण्याचाही या प्रकरणाशी एक संबंध आहे, तो मला वाचनालयात अचानक सापडला. बंगालीतला प्रसिद्ध सत्यान्वेषी ब्योमकेश बक्षी याचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहत होते. ब्योमकेशच्या कथा त्यांनी १९३२ मध्ये सुरू केल्या होत्या. १९३६ च्या सुमारास ब्योमकेशचे लग्न लावून दिले आणि आता लोकांना पुरे झाले असेल असे समजून लेखणी खाली ठेवली. पंधरा वर्षांनी कोलकात्याला गेले असता एका घरातल्या मुलांनी त्यांना धरले, ब्योमकेश का लिहीत नाही म्हणून. म्हणजे मालिका बंद पडली तेव्हा ज्यांना अक्षरओळखही नव्हती ती मुले तिच्यासाठी भांडत होती. शरदिंदूंनी पुन्हा लिहायला घेतले आणि नंतरच्या कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिल्या. १९७० साली ते वारले तेव्हा 'बिशुपाल वध' ही कथा अर्धी राहिली होती. ती वाचणाऱ्या बंगाली वाचकाची आणि माझ्या आबांची अवस्था मला एकच वाटते.

ब्योमकेशचे एक वेगळेपण सांगते. तो वयाने वाढतो. त्याला मुलगा होतो, तो घर बांधतो, केस पिकतात. आमचा छोटू मात्र छोटूच राहिला. मला आधी वाटे की वाढणारा गुप्तहेर वाचकाला अधिक जवळचा. आबांशी बोलल्यावर मत बदलले. ते म्हणाले, चौकीदारीची बत्तीस वर्षे त्यांचे गुडघे गेले, दात गेले, बरोबरचा गडी गेला. पुस्तक उघडले की धनंजय तसाच ताजा, म्हणून बरे वाटायचे. न बदलणारा नायक हा एक खुंटा असतो. आपण किती लांब आलो ते त्याच्यावरून कळते. मालिका संपली की खुंटाच उपटला जातो आणि आपले वय एकदम अंगावर येते.

वडिलांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ते स्वतःच थोडक्यात बोलतात. वडील धरणाच्या चौपाटीवर कणसे भाजतात. त्यांच्या तरुणपणी पुण्याचे सुहास शिरवळकर जोरात होते. फिरोज इराणी, दारा बुलंद, अमर विश्वास हे त्यांचे नायक. वडिलांचा दारा बुलंद. जुलै २००३ मध्ये शिरवळकर गेले तेव्हा ते अवघे चोपन्न वर्षांचे होते. २०१३ साली त्यांच्या 'दुनियादारी' कादंबरीवर चित्रपट आला आणि जो तो शिरवळकरांचे नाव घेऊ लागला. वडील चित्रपट पाहून आले आणि एवढेच म्हणाले, "चांगला आहे. पण ह्यांना दारा माहीत नाही." त्या बोलण्यात एक प्रकारचा मत्सर होता असे मला वाटते. संपलेल्या मालिकेचे वाचक एकमेकांना ओळखतात आणि परक्याला आत घेताना कुरकुरतात.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आला तो फास्टर फेणे. शाळेच्या कपाटात 'फुरसुंगीचा फास्टर फेणे', 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ' अशी सात-आठ पुस्तके होती. बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात विद्याभवनात, सायकल आणि 'ट्टॉक' हा आवाज ही त्याची ओळख. फुरसुंगी पुण्याच्या त्या टोकाला, आमचे गाव या टोकाला. खेड्यातला मुलगा पुण्यातल्या पोरांना भारी पडतो याचा मला केवढा अभिमान! मी आईला फुरसुंगीला घेऊन चल म्हणून छळले होते. (फुरसुंगीचे नाव तेव्हा वर्तमानपत्रात यायचे ते कचरा डेपोच्या आंदोलनामुळे. त्याला हे समजले असते तर तो कचरा कोण आणून टाकतो याच्या मागावर निघाला असता.) कपाटातली पुस्तके संपल्यावर मी बाईंना विचारले, नवीन कधी येणार? बाई म्हणाल्या, "अगं, भा. रा. भागवत २००१ मध्येच वारले." तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. ज्या पुढच्या पुस्तकाची मी वाट पाहत होते ते माझ्या जन्माआधीच येण्याचे बंद झाले होते. मला कोणीतरी फसवल्यासारखे वाटले. कोणावर रागवायचे तेही कळेना.

२०१७ मध्ये 'फास्टर फेणे' चित्रपट आला. त्यात फेणे मोठा झालेला, अमेय वाघने केलेला. आणि दिलीप प्रभावळकरांनी साक्षात भा. रा. भागवतांची भूमिका केली होती. लेखक आणि त्याने निर्माण केलेला मुलगा एकाच खोलीत समोरासमोर बोलतात! चित्रपट कसा आहे हा भाग वेगळा, पण तो प्रसंग पाहताना मला जाणवले की हा कोणा वाचकाच्याच मनातून आला आहे. लेखक गेला, नायक उरला, तर निदान पडद्यावर तरी दोघांची भेट घडवून आणू, ही वाचकाची इच्छा. बंगालीत सत्यजित राय १९९२ साली गेल्यावर फेलूदाच्या बाबतीतही असेच झाले. नट बदलत गेले, फेलूदा चालूच राहिला.

तेव्हा मालिका संपली तरी वाचक ती संपू देत नाही. कोणी पत्रे लिहितो, कोणी स्वतः पुढचे भाग लिहितो, कोणी पहिल्यापासून पुन्हा वाचायला बसतो. आमच्या आबांनी यांपैकी काहीच केले नव्हते, म्हणून ते काम मी अंगावर घेतले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ते १९६१ चे पुस्तक शोधायला निघाले. नाव आबांना आठवत नाही. वेष्टनावर हिरवा कंदील होता की हिरवी साडी, याबद्दलही खात्री नाही. जुना बाजार पालथा घातला, अप्पा बळवंत चौकात विचारले, दोन जुन्या वाचनालयांत गेले. एका ठिकाणच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारले, "कथानक काय होते?" मी म्हटले, छोटूला तळघरात कोंडतात. ते हसले. "अहो, छोटूला नेहमीच कोठेतरी कोंडतात."

हे मात्र खरे निघाले. मला धनंजय-छोटूची जी पाच जुनी पुस्तके मिळाली त्यांपैकी तिघांत छोटू पकडला जातो. एकात तर तळघरही आहे.

तळघराचे ते पुस्तक मी आबांना रोज संध्याकाळी वाचून दाखवायला घेतले. मोतीबिंदूनंतर त्यांना बारीक टाइप दिसत नाही. आजी दारात तांदूळ निवडत ऐकते आणि खुनी कोण ते मधूनच सांगते. पहिल्या दिवशी आबा म्हणाले, "हे ते न्हाई." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आसंलबी." तिसऱ्या दिवशी छोटू तळघरात गेला, वरून कुलूप लागले, आणि आबा ताठ बसले. वीस पाने झाली होती. मी पुढचे पान उलटणार तोच त्यांनी हात वर केला.

"आज येवढंच."

"आबा, दहाच पानं राहिलीत."

"र्‍हाऊ दे. उद्या."

त्याला आता दोन महिने झाले. रोज काही ना काही कारण निघते. कधी गुडघा दुखतो, कधी आजीची मालिका असते, परवा धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा झाला म्हणून आबा उठून पुलाकडे बघायला गेले. पुस्तक कोनाड्यात आहे, खुणेला मी बसचे तिकीट घातले आहे. शेवटची दहा पाने त्याच रात्री मी एकटीने वाचून टाकली. आबांना अजून सांगितलेले नाही.